डंकापुढची पिवळी रेघ

अहो, मिरची माझी, चार दिवस गच्चीत वाळवली मी, देठं मोडली मी, दगडफूल निवडलं मी, भाजलं मी, आणि कुटताना त्या यंत्राजवळ, डंकाजवळ, जायचं नाही ते मीच? चाळीस वर्षं लालबागेत मसाला कुटून नेतेय, तुम्हाला सांगते, डंकासमोरून कधी हलले नाही! जरा मान वळवली की आपल्या बेडगीत कुणाची तरी मागच्या सालची पांढरी पडलेली मिरची येते, मला काय ठाऊक नाही? विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

तर परवा गेले. बघते तर डंकवाल्या रघुवीरनं भिंतीवर एक राखाडी डबा बसवलाय, आणि खाली जमिनीवर पिवळी रेघ! "काकी, आता सगळं हा डबाच चालवतो. तुम्ही रेघेच्या मागे बसा." म्हटलं, डबा? त्याला मिरचीतलं काय कळतं?

रघुवीरनं बटण दाबलं, डंक ढिम्म! डब्यावरचे दिवे आधी सगळे लागले, मग सगळे विझले, मग एकेक लागायला लागला... "हे काय रे?" "काकी, तो आधी स्वतःला तपासतो. डोकं ठिकाणावर आहे का, शिकवलेलं सगळं आठवतंय का..." घ्या! ज्याला उठल्या उठल्या स्वतःचीच खात्री नाही, त्याच्या हाती माझा वर्षाचा मसाला! विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

एकदाचा सुरू झाला, धाड धाड धाड, मी आपली जराशी वाकले, नुसती मान हो, रंग बघायला... की बंद! रघुवीरनं मेन स्विच पाडला, वर केला. परत दिवे, परत ती तपासणी, परत धाड धाड, मी परत वाकले, परत बंद! तीनदा! म्हटलं, हा मेला मुद्दाम करतोय. आणि भाजलेला मसाला असा उघडा राहून सादळला की बरणीत बुरशीच, दोन लेकींच्या आणि माझ्या, तीन घरांच्या वर्षभराच्या कालवणाला! घाम फुटला मला.

तेवढ्यात रघुवीरची सून आली, संघमित्रा. कारखान्यांत असले डबे बसवायचीच नोकरी आहे तिची. "बाबा, मेन कशाला पाडताय? डबा चांगला आहे. आजी वाकतायत." म्हणे समोर न दिसणारा किरणांचा पडदा आहे, माणूस आत आलं की डंक थांबतो. मी म्हटलं, "अगो, रेघेवर पाय तरी ठेवला का मी?" "पाय नाही आजी, मान. मसाल्याबरोबर तीही कुटायचीय का?"

"मग तो करतो तरी काय?" तर म्हणे आधी सगळीकडे विचारून घेतो, झाकण लागलंय का, पुढे कुणी आहे का, लाल बटण दाबलंय का. मग शिकवलेली यादी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, आणि मग डंकाला सांगतो, चल, नाहीतर थांब. की पुन्हा पहिल्यापासून विचारायला सुरुवात! "अगो, पण आत्ताच विचारलं ना?" "सेकंदाला शंभरदा विचारतो, आजी. मघाच्या उत्तरावर त्याचा भरवसाच नाही."

अंगावर काटा आला हो! माझी आत्तेसासू एवढी संशयी, पण तीसुद्धा मध्ये श्वास घ्यायची! "आणि मिरची बघतो का गो?" "नाही, तो फक्त माणसं बघतो." हे मात्र पटलं. मिरची कुठे चोरी करते? माणसंच करतात! याच्यासमोर कुणाची बोटं आत जायची बिशाद आहे?

गेले रेघेमागे, बसले स्टुलावर, पदर आवरून. वीस मिनिटं डंक थांबला नाही. असा लालबुंद होत आला मसाला, असा वास सुटला, की माझं मन भरून आलं, उठले, म्हटलं शाबास रे बाबा, आणि कौतुकानं दोन पावलं पुढे...

बंद!

चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी कुणावर तरी विश्वास ठेवला हो... त्यानं माझ्यावर नाही ठेवला.