इम्पॉर्टंट, मांजर फ्रिजवर बसलंय

सिनेमाच्या तिकिटांच्या रांगेत शिंपीणबाईंच्या पुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. धाकटीच्या फोनवर मेसेज आला.

“बाबाच असणार. नेहमीसारखं सुरुवातीला ‘इम्पॉर्टंट’, आणि पुढे काय, तर मांजर फ्रिजवर बसलंय!”

“मला काल आला. ‘इम्पॉर्टंट. जुनी चप्पल सापडली.’”

“ताई, सांग ना त्यांना, खरंच महत्त्वाचं असेल तेव्हाच इम्पॉर्टंट लिहायचं असतं.”

“सांगितलं की! म्हणाले, नाहीतर तुम्ही वाचता कुठे?”

शिंपीणबाईंना हसू आवरेना.

“वाच तर खरं. आज कुठे चढलंय मांजर?”

“ताई...”

“काय गं?”

“‘वेळ मिळाला तर दोघी या. विशेष काही नाही.’”

“आधी इम्पॉर्टंट नाही लिहिलं?”

“नाही.”

“चल.”

“अगं, नंबर आलाय आपला!”

“सिनेमा कुठे पळून जातोय? निघालोय म्हणून कळव त्यांना. मावशी, तुम्ही व्हा पुढे.”

दोघी पळतच सुटल्या. शिंपीणबाई खिडकीशी पोचतात न पोचतात, तोच दारातून धाकटी ओरडली,

“ताई, थांब! आलं उत्तर! ‘इम्पॉर्टंट. येताना कांदे आणा.’”

“हुश्श! आता सावकाश चाल.”