टाकण्याआधी मूठभर कोंडा

मंडळी, एक सांगा — सुपातून उडालं ते सगळं फोलच असतं का हो? माना हलताहेत... निम्म्या होकारानं, निम्म्या झोपेनं! असू द्या. ऐका.

साताऱ्यात हेमलताबाई खटावकर. टेलिफोन कचेरीतून निवृत्त. नाद एकच — जात्यावरच्या ओव्या! ओव्या गोळा करणाऱ्या चारशे जणांची एक ईमेल-यादी होती. एकानं पाठवली की चारशेंच्या दारात! दिवसाला दीडशे पत्रं, त्यात शंभर नुसती 'वा वा'! हसू नका — तुमची सुप्रभाताची फुलं मलाही येतात!

बाई वैतागल्या. पण हुशार! संगणकाला चार ओळींची आज्ञा लिहून दिली, तिला म्हणतात स्क्रिप्ट. "विषयात 'ओव्या' दिसलं की पत्र माझ्यापुढे आणू नकोस, 'सूप' नावाच्या कप्प्यात टाक. दर गुरुवारी कप्पा रिकामा कर. पण आधी मला विचार." संगणक म्हणाला — जी! त्याला कुठलं मन?

बाईंची थोरली बहीण, बेळगावची प्रमिलाअक्का. आई गेली आणि आईच्या जात्यावरून दोघींचं बिनसलं. सात वर्षं अबोला! शेवटी अक्काच विरघळली. फोन करायला जीभ धजेना, म्हणून ईमेल. पण तिला नवं पत्र काढता येत नसे! हेमानं पूर्वी धाडलेलं ओव्यांचं एक पत्र होतं, त्यालाच उत्तर द्यायचं आणि हवं ते लिहायचं, ही तिची रीत. विषय तोच राहिला — 'ओव्या'. पत्र निघालं, पोचलं... आणि थेट सुपात!

गुरुवार उजाडला. संगणकानं विचारलं, "रिकामं करू?" बाईंचं बोट उचललं... आणि आईचा शब्द आठवला — "पोरी, कोंडा फेकायच्या आधी एक मूठ हातात घेऊन बघावी." बाईंनी नावांवरून नजर फिरवली. वा वा, वा वा, वा वा... प्रमिला!

"हेमे, गुरुवारी अकराच्या गाडीनं येतेय. नको असेन तर स्टँडवर येऊ नकोस. बाराच्या गाडीनं परत जाईन. पुन्हा विचारणार नाही."

घड्याळात पावणेबारा!

चप्पल कुठली, पदर कुठला! रिक्षा, स्टँड — बेळगावची गाडी घुरघुरतेय, आणि अक्काचा एक पाय पायरीवर!

"अक्के! उतर खाली!"

"आलीस होय? मला वाटलं..."

"काही वाटायचं नाही! पत्राचा विषय बदलायला शीक आधी!"

"आणि तू तुझ्या यंत्राला माणूस ओळखायला शिकव!"

मग काय — हसू कुठलं, रडू कुठलं, कळेना! अक्कानं पिशवीतून काढला जात्याचा खुंटा. "जातं मला उचलवेना. ते तू येऊन ने."

पाखडते सूप, कोंडा गेला वाऱ्यावरी
बहिणीची माया जड, दाणा ऱ्हाई सुपावरी!

घरी येऊन हेमानं स्क्रिप्टमध्ये सगळ्यात वर एक ओळ घातली: "आधी पाठवणारं कोण ते बघ. अक्का असेल तर माझ्यापुढे आण. विषय मागून."

मंडळी, स्क्रिप्ट तुमच्याही मनात आहे बरं! 'हा? नेहमीचंच!' — सुपात. 'हिची रडगाणी!' — सुपात. त्या कोंड्यात कुणीतरी स्टँडवर बसलंय, गाडीच्या पायरीकडे बघत. कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता टाळ वाजतील. ज्याला आठवलं, त्यानं बाहेर जाऊन फोन करून यावा. देव रागावणार नाही. तो थांबेल — गाडी थांबत नाही!