तेवीस फुटांची बोट

विम्याच्या कचेरीतली रांग. माझ्यापुढचा बाप्या बोटीच्या मिस्त्रीला हात जोडत होता. कान माझे अजून शाबूत आहेत.

“काका, वेकबोर्डसाठी, बोटीमागं फळीवर उभं राहून घसरायला, जुनी बोट अठरा फुटीच घेणार म्हणून भांडलो मी तुमच्याशी.”

“भांडलास? मोठी बोट गळ्यात मारणारा दलाल म्हणालास मला!”

“सकाळी तळं कसं आरशासारखं होतं.”

“म्हणून तर अठरा फुटीत बसवायला दुपारी बोलावलं, वारा सुटल्यावर. बायकापोरांसकट.”

“पहिल्याच लाटेला सगळे चिंब! म्हणून तेवीस फुटी घेतली. परवा भर तळ्यात वादळानं गाठलं, काका. पाचही जण होतो.”

“मग?”

“सगळे घरी आलो. धाकटी तर बोटीतच झोपली होती.”

“अरे, मग रडतोस कशाला? लोक बघताहेत.”

मी लगेच छताकडं बघायला लागले.