पावणं म्हंजे कोण

माझं माहेर पेठ वडगाव, आता ऱ्हातो उचगावात, एवढं लिवा, नाव तेवढं घालू नका. भ्या वाटतंय म्हणून न्हवं, कायदाच तसा हाय, आणि कायद्यानं एकदा माझं ऐकलंय तर मी बी त्याचं ऐकतो. आणि भाऊ, मी बोलतो तसंच लिवा. आमच्यात बायका बी गेलतो, आलतो असंच म्हणत्यात, ते सुधाराय जाऊ नका. एकानं माझं बोलणं सुधारून लिवलं हुतं, त्यानं काय झालं तेच तर सांगणार हाय.

आई भाजी विकायची, वडील लवकर गेले, माझं लगीन झालं ते टिकलं न्हाय, मग बाविसाव्या वर्षी मी एका मोठ्या संस्थेच्या मेसमध्ये भाकऱ्या थापायला लागलो. माझ्या भाकरीला असा पापुद्रा सुटायचा, काय सांगू तुम्हाला, अजून सुटतोय, जाताना खाऊन जावा. संस्था साहेबांची. साहेब गाडीतनं उतरले की चौकातली माणसं उठून उभी ऱ्हायची, पोरांच्या ॲडमिशन, नोकऱ्या, बदल्या, समदं त्यांच्या शब्दावर. मेस बघायला एक मावशी हुती. ती एक दिवस म्हटली, साहेबांच्या राधानगरीच्या बंगल्यावर पावणं आल्यात, सैपाकाला चल. मी गेलो.

पुढचं मी कोर्टात सांगितलंय, समदं सांगितलंय, तुमच्यासाठी परत सांगणार न्हाय, राग मानू नका भाऊ. एवढंच लिवा की सैपाक हे निमित्त हुतं, मोबाईल काढून घेतला, आणि मग साहेबांचं काम ज्याच्याकडं अडलंय त्याच्याकडं मला नि आणखी दोघींना गाडीत घालून पाठवत ऱ्हायले, कधी पुण्याला, कधी गोव्याला. दर खेपेला मावशीच्या तोंडात एकच, पावणं आल्यात. मला त्या शब्दाचा एवढा धसका बसला की नंतर कुणी रस्त्यात सहज पावणं म्हणून हाक मारली तरी मी उलट्या पावली घर गाठायचो. गोव्याहून येताना गाडी पंपावर थांबली, तवा मी उतरलो आणि तिथल्या पेट्रोल भरणाऱ्या बाईला मिठी मारली, ती पोलीस येईस्तवर सोडली न्हाय.

जबाब लिवणारा हवालदार लांबचा, तिकडं विदर्भातला. मी म्हटलं, मला पावण्यांकडं नेलं. त्यानं लिवलं, नातेवाईकांकडे नेले. वाईट माणूस न्हवता त्यो, त्याच्याकडं पावणं म्हंजे नातेवाईकच. मी पार हबकल्यालो, सही करून मोकळा झालो.

मग वर्षं गेली. साहेबांची माणसं आईकडं येऊन म्हटली, पोरीला गप बसीव, घर बांधून देतो. आई म्हटली, पत्र्याचं हाय पर गळत न्हाय, निघा.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या जिन्यात ही गर्दी. एक उंच काळा कोटवाला वाट अडवून उभा, आणि गडबडीत माझ्या तोंडातनं निघालं, पावणं, सरका की जरा. त्यो सरकला. आत गेलो तर त्योच साहेबांचा वकील, मुंबईचा. बाकीच्यांना बाहेर काढल्यालं, माझ्या नि साहेबांच्या मधी पडदा, पर त्यांचं खाकरणं वळखलं मी.

वकील लई गोड, ताई ताई करत बोलत हुता. मला म्हटला, तुम्ही नातेवाईकांकडे जात होता ना. न्हाय म्हटलं. तर त्यानं जबाबच वाचून दाखवला, बघा म्हटला, तुमचीच सही, आपल्या नातेवाईकांकडे आपल्या मर्जीनं गेलात आणि घरचं भांडण कोर्टात आणलंत. आमच्या सरकारी वकीलबाईंचा चेहराच उतरला. त्या दोघी बाहेर बाकड्यावर साक्षीला बसल्याल्या, माझं खोटं ठरलं की त्यांचं बी ठरणार.

माझं डोस्कंच सणकलं. न्यायाधीश बाईंना म्हटलं, मी पावणं म्हटलं हुतं. आणि वकिलाकडं वळलो. पावणं, सकाळी जिन्यात मी तुम्हाला असंच म्हटलं आणि तुम्ही सरकला. तुम्ही माझं कोण लागता?

त्यो कागद चाळायला लागला. न्यायाधीश बाईंनी त्याला विचारलं, असं झालं का. झालं, म्हटला. मग बाईंनी टायपिस्टला सांगितलं, घ्या, कोल्हापूरकडे अनोळखी माणसालाही पावणं म्हणतात असे साक्षीदार सांगते. पडद्याआडचं खाकरणं बंद झालं, मी मनात म्हटलं, आता बस बोंबलत.

त्या दोघी बी न अडखळता बोलल्या. निकाल अजून यायचाय, साहेब जामिनावर हाईत, आता त्यांच्यासाठी चौकात कोण उठत न्हाय. लागंल तसा लागू दे असलं मी म्हणणार न्हाय, आमच्याच बाजूनं लागणार. आता माझं भाकरी केंद्र हाय, त्या दोघींतली एक माझ्याकडंच पीठ मळती, आणि दारात गिऱ्हाईक आलं की मीच वरडतो, या पावणं, किती देऊ? शब्द आमच्या गावचा हाय, त्या मावशीचा न्हवं. तुम्हाला मगापासनं भाऊ भाऊ करतोय, लिवून झालं न्हवं? मग बसा की पावणं, ताट वाढतो.