कडू मधाची दरी

पिऊ नकोस. राहू दे तो पेला तसाच. असा पाहुणा मी काही आज पहिल्यांदा बघत नाही — दारात आला, सलाम केला, बसला, चहा हातात घेतला आणि ओठाला न लावता खाली ठेवला. 'हाज अकीला, आधी माझं काम कर, मग पितो.' झालं. म्हाताऱ्याच्या गळ्यात दोरी पडली. पाहुणा माझ्या घरातून तहानलेला गेला तर डोंगरभर माझ्या नावानं थुंकतील, हे तुला ठाऊक आहे, जादल्ला, म्हणून तर आलास. माझ्या बापासमोरही लोक असे पेले ठेवून बसायचे. तो द्यायचा. जे मागतील ते द्यायचा. मी माझा बाप नाही. गार होऊ दे चहा. माशी पडली त्यात तरी माझं उत्तर बदलणार नाही.

आणि मागतोयस काय, ते स्वतःच्या तोंडून ऐकलंस तरी का? उद्या पंच बसणार, आणि मी त्यांच्यासमोर उठून म्हणायचं — दरी पेटवणारी कोळशाची भट्टी कुणी लावली ते मला माहीत नाही. का म्हणू? तुझ्या पोराला, लामीनला, मी या डोळ्यांनी बघितलं. पहाटे, दरीतून वर चढताना, कोपरापर्यंत काळा, पाठीवर रिकामी पोती. मी हाक मारली तर पळाला. निर्दोष माणूस पळतो? कोकरू पळतं का आपल्या मालकाला बघून? — काय म्हणालास? पोती वाहायला गेला होता. नुसती पोती. बरं. कुणाची पोती? कुणाची भट्टी? त्याला विचारलंस ना? नाव सांगत नाही ना? नाही सांगणार. कारण नावच नाही दुसरं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असा न्याय माझ्याकडे चालत नाही, जादल्ला. डोंगर जाळेल त्याच्या घरानं डोंगर सोडायचा — हा कायदा मी नाही केला. तुझ्या आजोबानं केला, माझ्या आजोबानं केला, पंचांच्या त्याच झाडाखाली बसून. तेव्हा कुणी पेला खाली ठेवला नव्हता.

तू गेला होतास खाली? बघितलंस? नाही ना. मी जातो रोज. काय करायला जातो ते मलाच कळत नाही, पण पाय जातात. सगळा उतार — पार वरच्या कड्यापासून ते खाली समुद्र दिसतो त्या वळणापर्यंत — काळा. अरारची झाडं, माझा आजा लहान होता तेव्हाही ती तेवढीच होती म्हणे, ती उभ्या उभ्या पेटली. त्यांचं मी रडत नाही, अरार दुसरीकडेही आहे. पण शमारी? या महिन्यात कळी धरते ती. सगळा डोंगर वाळलेला असतो, कुठं फूल नाही, कुठं पान नाही, आणि ही लाल सालीची बया थंडीत फुलते, मधमाश्यांना खायला घालते, म्हणून तो कडू मध होतो — जो तुझ्या बायकोनं माझ्या बायकोच्या, घालियाच्या, शेवटच्या आजारात तिला चमच्यानं भरवला. आठवतं? मला आठवतं. म्हणून तर बोलतोय तुझ्याशी, नाहीतर कुत्रं सोडलं असतं. शमारी लावता येत नाही, जादल्ला. लावून बघितलंय लोकांनी. ती तिच्या मनानं येते, तिच्या वेळेनं वाढते. माझ्या हयातीत आता त्या उतारावर फूल नाही. तुझ्याही नाही.

वर ते जुनं शहर आहे ना, खांब पडलेले, जिथं गावातली पोरं लग्नाचे फोटो काढतात. ते बांधणारे जुने रूमी लोकही असेच शहाणे होते. त्यांच्याकडे एक झाड होतं — झाड म्हणजे रोप, जाड दांड्याचं — ते या डोंगराशिवाय जगात कुठं उगवत नव्हतं. औषध तेच, भाजी तीच, मेंढ्यांना चाराही तोच. आपल्या नाण्यावर त्यांनी राजाचं तोंड सोडून त्या रोपाचं चित्र काढलं, एवढा त्याचा मान. जहाजंच्या जहाजं भरून पाठवलं. आणि संपवलं. शेवटची काडी म्हणे रोमच्या बादशहाला नजराणा म्हणून दिली. बघ, काय अक्कल. शेवटची काडी जमिनीत ठेवावी की नजराण्यात? अजून येतात लोक, टोप्या घालून, दरीत वाकून वाकून शोधतात, आणि तसल्याच दांड्याची द्रियास दिसली की ओरडतात, सापडलं म्हणून. मी सांगतो, बाबांनो, हे द्रियास आहे, हे खाऊन बाहेरचे उंट मरतात. बाहेरचेच. आपल्या डोंगरातलं जनावर वास घेतं आणि बाजूला होतं. जनावराला एवढं नाक आहे. माणसाला नाही.

मग आता शमारीचंही तेच. बेनगाझीत कुणालातरी अंगारावर कोंबडी भाजायची आहे, म्हणून.

हसू नकोस. नाही हसलास? मग काय केलंस तोंडाचं? — बरं, बरं. बस.

तुमच्या घराण्यावर माझा राग नव्हता कधी. तुम्ही वरची माणसं, मेंढरं भली आणि तुम्ही भले, समुद्राकडे पाठ करून झोपणारी. तुझा बाप म्हणायचा, खारं पाणी बघितलं की मला ओकारी येते. तुमच्यातल्या एकानं कधी किनाऱ्यावर पाऊल भिजवलं असेल तर शपथ. लामीन तर लहानपणी माझ्या पोराबरोबर, सालेहीनबरोबर, खाली किनाऱ्याकडे निघाला आणि अर्ध्या वाटेवरून रडत परत आला, लाटांचा आवाज ऐकून. आम्ही वेगळे. माझा बाप किनाऱ्यावरून इथं आला, स्पंज काढणाऱ्यांचा पोरगा. तो दरीत आला आणि दगडात कोरलेल्या त्या रूमी थडग्यात राहिला, मी तिथंच जन्मलो, रूमी मेलेले बाहेर आणि आम्ही जिवंत आत. लाज कसली? थंडीत ऊब, उन्हात गारवा. भिंतीत ते कोनाडे आहेत ना, मेलेल्यांसाठी कोरलेले, त्यात त्यानं मधमाश्या वसवल्या. आणि कोनाड्याचं तोंड कशानं बुजवायचं, तर समुद्रगवतानं. लाटा टाकतात ना वाळूवर ढीग, तपकिरी, चपट्या फितीसारखं — ते. गाढवावर लादून वर आणायचं. ओल धरतं, कुजत नाही, त्यात ठिणगी तर धरतच नाही. सगळा डोंगर हसायचा त्याला — अकीलाचा बाप गाढवाला समुद्र खायला घालतो. हसू देत. पुढं मी आणलं, आता सालेहीन आणतो. या डोंगरावर दुसऱ्या कुणाला ते कष्ट सुचत नाहीत. आमच्या घरात मूल चालायला लागलं की गवत आणायला जातं.

त्या थडग्याच्या दारावर एक बाई आहे दगडाची, बघितलीस तू, लहानपणी तिला घाबरायचास. केस आहेत, पदर आहे, मान आहे, तोंड नाही. फुटलं नाही — केलंच नाही तिला तोंड. रूमी लोकांना माहीत का तसं. तर आग लागली त्या दिवशी गिब्ली सुटला होता, वाळवंटाकडचा वारा, आग घेऊन सरळ दरीत उतरला. मी पोचलो तोवर कोनाडे वितळले होते. मेण बाहेर आलं होतं दारावरून, त्या बाईच्या केसांवरून, आणि जिथं तोंड नाही तिथं थिजलं होतं. मध वाहत होता आणि त्यात माश्या, मेलेल्या, मूठमूठ. एक माशी जिवंत नाही सापडली. माझ्या बापानं वसवलेल्या त्या. समजलं तुला मी उद्या काय बोलणार आहे ते? तुझं घर जाणार. तुझी मेंढरं जाणार. तुझी आई आंधळी आहे, तिला हात धरून वळणावरून उतरवशील, तेव्हा मी दारात उभा राहीन आणि तोंड फिरवणार नाही. तिला त्या दगडाच्या बाईसारखं तोंड नसतं तर बरं झालं असतं, मला बघावं लागलं नसतं — पण बघीन.

आणि धडपणे काम तरी करावं ना. चोरी करायची तरी शिकून करावी. भट्टी अशी लावतात? लाकूड रचलं होतं बरोबर, उभं, मधे धूर जायला वाट — बरोबर. वर समुद्रगवताचा थर दिला होता हातभर, ओला, ठिणगी दाबायला, वर माती — तेही बरोबर, अगदी घरच्यासारखं — आणि एवढं सगळं करून तोंड ठेवलं गिब्लीच्या बाजूला. गाढवासारखं. दहा वेळा सांगितलंय, आग कसलीही असो, तोंड नेहमी समुद्राकडं, समुद्राकडं, वारा कुठूनही येवो, आणि हा कानात बोळे घातल्यासारखा —

काय?

काय बघतोस असा?

काही नाही म्हणालो मी. समुद्रगवत म्हणालो. मग? वाऱ्यानं आलं असेल. कोनाड्यातलं उडून पडलं असेल राखेत. हातभर थर — अरे, अंदाजानं बोलतो माणूस. मी म्हातारा झालो. कुणीही आणू शकतं गवत, किनारा काय माझ्या बापाचा आहे? लामीननं आणलं असेल. लामीननं — हो, लाटांना घाबरतो तो, मीच म्हणालो, माझंच तोंड. लहानपणी घाबरायचा. आता मोठा झालाय. गाढव नाही तुमच्याकडे, मान्य. मागून आणलं असेल.

बोल ना काहीतरी. पेल्याकडं काय बघतोस, माझ्याकडं बघ.

पहिल्याच सकाळी कळलं मला. ऐक. पहिल्याच सकाळी. अजून गरम होती राख, मी काठीनं उकरली आणि ते वर आलं, अर्धं जळलेलं, फितीसारखं. तसा थर एकच हात देतो आता या डोंगरावर. मी शिकवलेला हात. पायानं माती लोटली मी त्याच्यावर. या पायानं. वर दगड ठेवला. मग मान वर केली तर तुझा लामीन चढत होता पोती घेऊन, आणि मला वाटलं — काय वाटलं ते जाऊ दे. खोली बांधायची आहे त्याला, सालेहीनला. लग्न करायचंय. मधाच्या पैशात सिमेंट येत नाही म्हणाला, मी म्हणालो मग लग्न करू नकोस, तुझ्या आईशी मी थडग्यात संसार केला. तीन दिवस बोलला नाही. मला वाटलं, रुसलाय. तो भट्टी रचत होता. माझ्या बापाच्या माश्यांच्या उशाला. इतके दिवस समोर बसून जेवतोय, भाकरी मोडतोय, माझ्या डोळ्यांत बघतोय, आणि मी पण काही म्हणत नाही. माझं रक्त आहे ते, जादल्ला. तुझं असतं तर तू काय केलं असतंस? नको सांगूस. मला नाही ऐकायचं.

आणि तुझ्या पोरानं नाव घेतलं नाही. मारलंस ना तू त्याला? आवाज आला होता इथवर. मार खाल्ला आणि नाव घेतलं नाही. त्याच्या घरावर घाला येतोय हे कळून नाही घेतलं. मूर्ख आहे. सांग त्याला, हाज अकीला म्हणाला, मूर्ख आहेस. असल्या मित्रासाठी कुणी मार खातं?

हात नको धरूस माझा. मला दया नको कुणाची, तुझी तर नकोच. मी अजून संतापलेलोच आहे, तुझ्यावरही आहे — हा पेला घेऊन आलास, बसलास, गप्प बसलास, आणि माझ्याकडून काढून घेतलंस. माझा बाप म्हणायचा, पाहुण्याच्या न प्यायलेल्या चहात घरधन्याचं तोंड दिसतं. मला वाटायचं, म्हातारा बडबडतो.

उद्या लवकर ये झाडाखाली. आईलाही आण, तिला ऐकू दे. मी आधी बोलेन. सालेहीन माझ्या शेजारी उभा असेल, त्याला उभं कसं करायचं ते मी बघेन. डोंगर कुणाला सोडायचाय ते मग पंच सांगतील. माझ्याकडे गाढव आहे. खाली किनारा आहे. माझा बाप आला तसा जाईन.

आता पी.

गार आहे म्हणून काय झालं. दुसरा नाही ओतणार मी. पी तो, माझ्यासमोर, पूर्ण. तळाशी साखर आहे, ती सोडू नकोस.

प्यायलास? उठ. जा.