तीनशे डोकी

मर्ल : ...अगं व्हर्ना, सगळ्या पोरी निळ्या शर्टात आणि ही एकटीच पिवळ्यात. समोरच्यांची पोरगी चुकून आपल्यात घुसलीय आणि कुणाचं लक्षच नाही.

व्हर्ना : ती लिबेरो आहे, मर्ल. व्हॉलीबॉलमध्ये तिचा शर्ट वेगळाच असतो. मागे खेळते, पडणारा चेंडू उचलते.

मर्ल : असं होय. मला वाटलं धुलाई राहिली असेल. आपल्या कॉलेजच्या क्रीडा विभागाचा काय भरवसा.

व्हर्ना : धुलाई त्या पोरी स्वतः करतात. विभाग फक्त फुटबॉलवाल्यांचे कपडे धुतो. स्कोअर सांग.

मर्ल : सहा-चार. सहा त्यांचे. आणि तुझ्या चौथ्या रांगेत येऊन बसलोय बरं का. कडेच्या तुझ्या खुर्चीवर टोपी ठेवलीय.

व्हर्ना : उचल.

मर्ल : टोपीच आहे गं, मी नाही बसलो.

व्हर्ना : टोपी उचल, मर्ल.

मर्ल : उचलली. मागची म्हातारी पण डोळे वटारून बघत होती. इथे म्हणे सप्टेंबरपासून कुणीच बसत नाही. बरं, ते कॉलेजचं थेट प्रक्षेपण कुठे मेलं? ते असतं तर मला इथे बसून तुला फोनवर पुराण सांगायची पाळी आली नसती.

व्हर्ना : चालू आहे ना. संगणक समोरच ठेवलाय. कोपऱ्यातली फरशी पुसायची बादली दिसतेय.

मर्ल : बादली?

व्हर्ना : कॅमेरा कुणीतरी तिकडे वळवून ठेवलाय तो तीन आठवडे तसाच आहे. मी दोनदा पत्र लिहिलं. मागचा सगळा सामना मी बादलीच बघितली.

मर्ल : खेळते कशी बादली?

व्हर्ना : तुझ्या फुटबॉल संघापेक्षा बरी. निदान मागे सरकत नाही.

मर्ल : बोल, बोल. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माजी विद्यार्थ्यांच्या शनिवारचा फुटबॉल सामना सोडून आलोय तुझ्यापायी. समोरच स्टेडियम आहे, ढोल इथपर्यंत ऐकू येतायत. जीव तुटतोय माझा.

व्हर्ना : माझ्यापायी नाही, दालचिनीच्या रोलांपायी. डझनभर रोल दिले तर तू चर्चसुद्धा बदलशील.

मर्ल : तुझे असतील तर बदलेन. पण मला एक सांग, कुठल्या दीडशहाण्याने हे दोन्ही सामने एकाच दिवशी, एकाच तासाला लावले?

व्हर्ना : ज्या दीडशहाण्याने मला ते पत्र पाठवलं, त्यानेच.

मर्ल : दातवाल्याने? क्रीडा संचालकाने?

व्हर्ना : त्याला नाव आहे.

मर्ल : असेल. मला फक्त दात आठवतात. काय लिहिलंय नेमकं?

व्हर्ना : पाठ झालंय मला. 'मुलींच्या व्हॉलीबॉलच्या आपल्या जिममधल्या शेवटच्या सामन्याला, तिसरा सेट संपेपर्यंत, तीनशे प्रेक्षक मुख्य दारातून आत आले नाहीत, तर पुढील वर्षापासून त्यांचे सामने नदीपलीकडच्या जुन्या जिममध्ये होतील. आपल्या अखंड प्रेमाबद्दल आभारी आहोत.'

मर्ल : वा रे वा. म्हणजे शेजारी लग्नाची पंगत मांडायची आणि बारशाला माणसं का आली नाहीत म्हणून पोराच्या आईला जाब विचारायचा.

व्हर्ना : आणि ही आई सतरा सामने जिंकून बसलीय. लग्नवाल्यांनी किती जिंकले यंदा?

मर्ल : एक. तोही समोरच्यांची बस बिघडली म्हणून. पण त्यांच्या कपडे बदलायच्या खोलीत म्हणे आता न्हाव्याच्या चार खुर्च्या बसवल्यात.

व्हर्ना : आणि आमच्या रमोना कोच स्वतः व्हॅन चालवतात. तिचा हीटर गेल्या हिवाळ्यात गेला. पोरी मांडीवर गोधड्या घेऊन दोनशे मैल जातात. बँड नाही, कॉलेजचं चिन्ह म्हणून सारसाचं सोंग घेऊन नाचणारं ते पोरगं नाही. सव्वीस वर्षांत सारस एकदाच आला आमच्याकडे, तोही पार्किंग चुकला म्हणून. डोकी किती झाली?

मर्ल : दारात तो एल्रॉय बसलाय, बोटाने टिकटिक दाबायचं यंत्र घेऊन. त्याला विचारून आलो. एकशे अठ्ठेचाळीस.

व्हर्ना : अर्धीसुद्धा नाहीत.

मर्ल : जाऊ दे गं. नदीपलीकडे तर नदीपलीकडे. मी गाडीने नेईन तुला.

व्हर्ना : एकतीस पायऱ्या आहेत तिथे. लिफ्ट नाही, कठडा नाही. डॉक्टर म्हणाले, खुबा जुळेल, वॉकर सुटेल, पण जिने विसरा. तू मला खांद्यावर नेणार आहेस का?

मर्ल : ...एकतीस?

व्हर्ना : मी रडून सांगणार नाही, मर्ल. सरळ सांगते. सामने तिकडे गेले की माझं बघणं संपलं. माझा वॉल्टर गेल्यावर मला दुसरं काही नाही. पोरी आणि हा खेळ, एवढंच. मग राहील ती बादली.

मर्ल : थांब. फोन खिशात टाकतो. चालूच ठेव. मी आलो.

(थोडा वेळ नुसती पावलं, दाराची करकर, शिट्ट्या. मग धापा टाकत बोलणाऱ्या मर्लचा आवाज.)

मर्ल : व्हर्ना, हा एल्रॉय दगड आहे दगड.

व्हर्ना : तू काय केलंस?

मर्ल : काही नाही. मी आणि बोलिंगच्या मंडळातले आठ जण बाजूच्या दाराने बाहेर पडलो आणि पुढच्या दाराने आत आलो. थोडी हवा खायला.

व्हर्ना : कितीदा?

मर्ल : तीनदा. चौथ्यांदा मी आमच्यातल्या डेलबर्टची टोपी आणि त्याच्या बायकोचा कोट घातला. कोट लालभडक आहे. तरी मेल्याने बटण दाबलं नाही.

व्हर्ना : अडुसष्ट वर्षांचा घोडा झालास. लाज वाटत नाही?

मर्ल : वाटते ना. कोट फारच घट्ट होता.

व्हर्ना : खोट्या तीनशेवर मला खुर्ची नको. एल्रॉयला फोन दे.

मर्ल : देतो. घे रे बाबा, पहिलीच्या वर्गातून बोलावणं आलंय.

एल्रॉय : बाई? एल्रॉय बोलतोय. बरं वाटतंय ना आता? म्हणजे... पाय?

व्हर्ना : पाय आहे जागेवर. एल्रॉय, माझ्या भावाने जे केलं त्याबद्दल मी माफी मागते.

एल्रॉय : माफी कसली, बाई. पण मी नाही दाबलं. तुम्हीच शिकवलंय. मक्याचे दाणे टेबलावर पसरायचात आणि सांगायचात, मोजलेला दाणा बाजूला ठेवायचा, तो परत मोजायचा नाही.

व्हर्ना : तू आठ गाळायचास.

एल्रॉय : हो. आठ मला आवडायचा नाही. पण आता गाळत नाही. तुमच्यासमोर सांगतो, बाई, मनात आलं होतं की दाबावं. हात वळला नाही.

व्हर्ना : शाबास. आकडा किती?

एल्रॉय : एकशे एकसष्ट. दुसरा सेट चाललाय. पहिला आपण जिंकला.

व्हर्ना : नियमात काय आहे नेमकं? माणूस सामना बघायला आला पाहिजे असं लिहिलंय?

एल्रॉय : नाही. 'मुख्य दारातून आत आलेला प्रत्येक माणूस.' एवढंच. दर सामन्याला मला वाचून सही करावी लागते.

व्हर्ना : मर्लला दे. मर्ल, समोर फुटबॉलचं मध्यंतर कधी आहे?

मर्ल : होईलच आता. अडतीस-तीन चाललंय म्हणे. आपले तीन.

व्हर्ना : मध्यंतराला बायका कुठे उभ्या असतात?

मर्ल : कुठे म्हणजे? संडासाच्या रांगेत. तीस वर्षं माझी बायको पूर्ण मध्यंतर तिथेच काढायची. चार संडास, त्यांतले दोन बंद. विभागाने तो अवाढव्य पडदा बसवला ना, अडतीस-तीन लांबूनही स्पष्ट दिसावं म्हणून. मग नळ दुरुस्तीला काही उरलं नाही.

व्हर्ना : आणि आमच्या जिममध्ये किती आहेत?

मर्ल : मी बायकांचे मोजले नाहीत, बाई.

व्हर्ना : बारा. सगळे चालू. गरम पाणी येतं. बाहेर वारा कसा आहे?

मर्ल : कान गळून पडतील असा... अगं व्हर्ना. अगं माझे बाई.

व्हर्ना : जा. रांगेत जाऊन सांग. नीट, सभ्य शब्दांत.

मर्ल : मी? बायकांच्या रांगेपुढे उभा राहून संडासाची दवंडी देऊ? गाव ओळखतं मला.

व्हर्ना : दीड डझन रोल.

मर्ल : पण मघाशी तूच म्हणालीस, खोटं नको. हे खोटं नाही का?

व्हर्ना : संडासाला आलेला माणूस खराच असतो, मर्ल. जा लवकर.

एल्रॉय : बाई, ते लाल कोट घालूनच पळाले. फोन माझ्याकडेच राहिला.

व्हर्ना : मग तू सांग. आत काय चाललंय?

एल्रॉय : मला दारातून तुकडाच दिसतो. आपल्या पेट्राने चेंडू उचलून दिला. नऊ नंबरवाली उडाली. टाळ्या पडल्या. म्हणजे आपला गुण असणार. नाही, आपल्या पोरी डोक्याला हात लावतायत.

व्हर्ना : एकोणीस वर्षं दारात बसतोस, कधी पूर्ण सामना बघितलास का रे?

एल्रॉय : नाही. माणसं बघतो. बाई, दुसरा सेट गेला. एक-एक झाले. आणि... बाई, थांबा. फोन मांडीवर ठेवतो, दोन्ही हात लागतील. अहो, अख्खा रस्ता भरून बायका येतायत. मागनं पुरुष पण. ढोलवाली पोरं पण येतायत, ढोल गळ्यात घेऊन.

व्हर्ना : मोज, एल्रॉय. सावकाश मोज. आठ गाळू नकोस.

मर्ल : ...व्हर्ना? मीच आहे. फोन घेतला त्याच्याकडून, तो कामात आहे. माझा घसा बसला. पुन्हा या जन्मात मला असलं काम सांगू नकोस. सगळ्यात पुढे लोणच्याचं दुकान चालवणारी ती वान्डा होती, तिने मला मिठी मारली. तीस वर्षांत कुणी हे सुचवलं नाही म्हणाली.

व्हर्ना : स्कोअर?

मर्ल : तिसरा सेट, अठरा-अठरा. अगं, पेट्रा बघ. म्हणजे ऐक. मान वळवली नाही, काही नाही, डोक्यावरनं मागच्या मागे चेंडू दिला, आणि त्या नऊ नंबरने असा हाणला की समोरची पोरगी खालीच बसली. हे कायदेशीर आहे?

व्हर्ना : कायदेशीर आहे.

मर्ल : मग मी चाळीस वर्षं तिकडे थंडीत काय बघत होतो? आणि लोक परत जात नाहीयेत, व्हर्ना. हात वाळवत वाळवत येतात, दारात उभे राहतात, आणि बसतात. ढोलवाल्यांनी तर... ऐकू येतंय?

व्हर्ना : येतंय. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा येतंय.

मर्ल : आणि अजून एक. दातवाला आला होता.

व्हर्ना : कशाला?

मर्ल : बाकीचे कशाला आले? स्टेडियमवरच्या त्याच्या काचेच्या खोलीतला नळ पण फुटलाय म्हणे. एल्रॉयने तोंडावर टिकटिक केली त्याच्या. दातवाला म्हणाला, मला कशाला मोजतोस? एल्रॉय म्हणाला, साहेब, मुख्य दारातून आलात ना.

व्हर्ना : एल्रॉय असं म्हणाला?

मर्ल : 'साहेब' म्हणून म्हणाला. चोवीस-तेवीस. आपले चोवीस. थांब, बोलू नकोस. पिवळी पोरगी पडली... पडली नाही, तिने मुद्दाम उडी मारली, चेंडू जमिनीपासून वीतभर वर होता... उचलला... पेट्रा... गेला. गेला, व्हर्ना. सेट आपला. दोन-एक.

व्हर्ना : एल्रॉयला विचार.

मर्ल : अगं, थोडा आनंद तरी कर.

व्हर्ना : नंतर करते. तिसरा सेट संपला, मोजणी बंद झाली. त्याला दे.

एल्रॉय : बाई.

व्हर्ना : बोल.

एल्रॉय : तीनशे. बरोबर तीनशे. संचालक साहेब समोर उभे आहेत, त्यांनी आकडा बघितला. दात दिसत नाहीयेत.

व्हर्ना : एल्रॉय, मला खरं सांग. सगळे दाणे खरे आहेत? एकेकदाच मोजलेले?

एल्रॉय : ...एक सोडून, बाई.

व्हर्ना : मर्लचा लाल कोट?

एल्रॉय : नाही, नाही. तो मोजलाच नाही. तुमचा.

व्हर्ना : माझा?

एल्रॉय : एवढी वर्षं दार उघडलं की पहिली टिकटिक तुमचीच असायची. यंदा सप्टेंबरात तुम्ही आला नाहीत. पण दार उघडायच्या आधी बोट आपोआप दाबलं गेलं. मग ते काढून टाकायला बरं वाटेना. तेव्हापासून दर सामन्याला तसंच करतो. आजही केलं. तुम्ही म्हणाल तर पुसतो, बाई. साहेबांना सांगतो, चूक झाली.

व्हर्ना : मर्लच्या खिशातून का होईना, आज मीही मुख्य दारानेच आत आले. राहू दे, एल्रॉय. तसाच राहू दे. आता मर्लकडे फोन दे, आणि आज आत जाऊन बस. चौथ्या रांगेत, कडेची खुर्ची रिकामी आहे.