बरडवाडीच्या टेकडीवरील सुट्या दगडांबाबत

पोलीस ठाणे चकलांबा
दि. १३/०२/२०२६, दुपारी ३.४० वा.

जबाब

मी रुद्राणी सोमलिंग शेटे, वय ३१ वर्षे, व्यवसाय बागा व मोकळ्या जागांची आखणी, मूळ रा. उमापूर ता. गेवराई, ह. मु. बीड, ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी बीड येथे एकटी राहते. माझ्या वडिलांचे उमापूर येथे किराणा दुकान आहे. आजपर्यंत मी सहा गावांत खुल्या व्यायामशाळांची आखणी केलेली आहे. मौजे बरडवाडी येथील टेकडीवरची व्यायामशाळा हे माझे सातवे काम आहे. गावातील मुली पोलीस भरतीची तयारी करतात. त्यांना डांबरी रस्त्यावर पळावे लागू नये, म्हणून सरपंच सुग्रीव यांनी हे काम मला दिले होते.

माझी कामाची पद्धत अशी आहे की, टेकडीवर यंत्र चढवायचे नाही, झाड तोडायचे नाही, सपाटीकरण करायचे नाही. जमीन मुळातच सपाट असेल तिथेच साधने बसवायची. नवीन वाट काढायची नाही, जनावरांनी पाडलेली वाट तीच पळण्याची वाट धरायची. खडी व फरशी बाहेरून आणायची नाही. साधनांना मातीचा रंग द्यायचा. लांबून पाहणाऱ्याला टेकडीवर काही केले आहे असे वाटू नये, हा त्यामागचा हेतू असतो.

दि. १६/०९/२०२५ रोजी सकाळी मी टेकडीची पाहणी केली. सोबत गावातील मेंढपाळ गहिनीनाथ, वय अंदाजे ६६, हे होते. टेकडीवरील वाटा त्यांच्याइतक्या कोणाला माहीत नाहीत, असे सरपंचांनी सांगितले होते. गहिनीनाथकाका पुढे व मी मागे अशी आम्ही पूर्ण टेकडी चालून काढली. मेंढरांची वाट सगळीकडे चढ टाळून जाते, ती मी जशीच्या तशी कागदावर उतरवली.

टेकडीच्या मधल्या टप्प्यावर ही वाट एका सपाट जागेला मोठा वळसा घालून जाते. त्या जागेभोवती सुट्या दगडांचे गोल कडे होते. उंची गुडघ्याएवढी, आत गवत. तिथे काकांनी पायातल्या वहाणा काढल्या, एक दगड उचलून कड्यावर ठेवला, पुन्हा वहाणा घातल्या आणि वळसा घालून पुढे गेले. मीही एक दगड ठेवला. मी त्यांना विचारले, "काका, मेंढरं आतून का जात नाहीत?" ते म्हणाले, "जात न्हाईत म्हून न्हाईत." मी पुन्हा विचारले. ते म्हणाले, "बाई, त्या जागेचं नाव घेत न्हाईत आमी. दगड ठिवायचा आन वळायचं."

मी माझ्या वहीत "वळसा, ४० मीटर, कारण माहीत नाही" अशी नोंद केली. ती वही आज सोबत आणली आहे.

तिथे देवस्थान आहे काय, हे मी त्याच दिवशी सरपंचांना विचारले. ते म्हणाले, "देव न्हाई आन कायबी न्हाई. धनगरांची सवय हाय ती. मेंढरामागं फिरून मानूस मेंढरावानीच वळतंय." देवस्थान नसल्याने कोणाची भावना दुखावणार नाही, असे मी समजले. जागेखाली काय आहे, हे मी विचारले नाही.

ती जागा टेकडीवरील एकमेव सपाट जागा होती. त्यामुळे व्यायामाची आठही साधने मी नकाशात तिथेच दाखवली. नकाशाच्या तळाशी "जागेवरील सुटे दगड बाकांसाठी वापरावेत" ही ओळ माझ्या हस्ताक्षरात आहे.

काम २४ नोव्हेंबर रोजी सुरू झाले. तोवर गावातील निम्मी घरे ऊसतोडीला गेली होती. गहिनीनाथकाका व त्यांच्या पत्नी साखराबाई दिवाळीनंतर मेंढरे घेऊन गोदाकाठाकडे जातात व शिवरात्रीच्या आधी परत येतात. म्हणजे दगड उचलले तेव्हा ते कशासाठी आहेत हे सांगणारे कोणी गावात नव्हते. गावात कोण असते आणि कोण नसते हे पाहून कामाची तारीख ठरवायला हवी होती. मी उमापूरची आहे, मला हे माहीत आहे.

दि. ०२/१२/२०२५ रोजी सकाळी ११.२० वाजता गवंडी तानाजी यांचा मला फोन आला. ते म्हणाले, "ताई, चौथ्या खड्ड्यात पहार मारली की खालून पोकळ वाजायलंय." मी म्हणाले, "मुरूम असेल. तीन फूट सरकवा." ते म्हणाले, "सरकवतो. पर आवाज चांगला न्हाई." मी म्हणाले, "सरकवा आणि भरून घ्या." हा फोन ४८ सेकंदांचा आहे. मी त्या वेळी गाडी चालवत होते. हा भाग मला विचारण्यात आलेला नाही, मी स्वतःहून सांगत आहे.

काम २० जानेवारीला पूर्ण झाले. दगडी कड्याची सहा बाके झाली. मुली रोज सकाळी व संध्याकाळी तिथे येऊ लागल्या. त्यात गहिनीनाथकाकांची नात सुकन्या, वय १९, ही पण आहे. ती आठशे मीटर पळते व गोळाफेक करते. मी २५ जानेवारीला पाहणीस गेले, तेव्हा बाकीच्या मुली त्या जागेतून सरळ पळत होत्या आणि सुकन्या एकटी जुन्या वळशाने जात होती. एक मुलगी तिला म्हणाली, "मेंढी हायस का गं तू? बें कर की!" सुकन्या हसत म्हणाली, "पायच वळत्यात, काय करू?" मला ते गमतीचे वाटले. मी त्याचा फोटो काढला.

काका दि. ०५/०२/२०२६ रोजी गावात परतले. ७ तारखेला सकाळी त्यांचा मला फोन आला. ते म्हणाले, "बाई, दगडं कुठंशी गेली?" मी म्हणाले, "बाकं केली, काका. बसायला." ते म्हणाले, "किती राह्यली?" मी म्हणाले, "एकही नाही." ते म्हणाले, "तिथं पोरी नाचायल्यात," आणि फोन ठेवला.

दि. ०९ रोजी सरपंचांचा फोन आला. ते म्हणाले, "ओ मॅडम, तुमच्या त्या म्हाताऱ्याला आवरा. रोज पहाटं बाकाचे दगड उपसायलाय. शिवरात्रीला लोकार्पण हाय. पाहुणे काय माझ्या मांडीवर बसवू का?" काका दगड काढून त्या जागेभोवती मांडतात आणि सरपंचांची माणसे ते परत बाकाला बसवतात, असे दोन दिवस चालले होते.

दि. १० रोजी दुपारी मी टेकडीवर गेले. काकांचे सात दगड मांडून झाले होते. मी त्यांना थांबायला सांगितले. ते म्हणाले, "आमी ठिवतो म्हून तुमी ठिवलाता. आता तुमी उचलले म्हून सारं गाव उचलतंय." मी विचारले, "खाली काय आहे ते तरी सांगा." ते म्हणाले, "पोरींना सांगा, हितं येऊ नगा. माझं आयकत न्हाईत. तुमचं आयकतील." मी म्हणाले, "काका, पंधरा तारीख होऊ द्या, मग माणूस आणून जागा तपासून घेऊ." ते म्हणाले, "खालच्याला तारीख कळती का, बाई?" मी तिथून बीडला निघून आले. मुलींना काही सांगितले नाही.

दि. ११ रोजी पहाटे पाचच्या सुमारास गहिनीनाथकाका घरातून गेले, ते परत आले नाहीत. त्या रात्री साखराबाईंनी याच ठाण्यात ते बेपत्ता असल्याची खबर दिली आहे. "रुसून शिरूर कासारला लेकीकडं गेला असंल, येतोय दोन दिसात," असे सरपंच सर्वांना सांगत होते. मी काल लेकीकडे फोन करून खात्री केली. ते तिकडे गेलेले नाहीत.

आज दुपारी २.३० वाजता मी व साखराबाई टेकडीवर गेलो. साधनांच्या संपूर्ण जागेवर लोकार्पणासाठी हिरवी चटई अंथरलेली होती. ती ११ तारखेला सकाळी सात वाजता मंडपवाल्यांनी अंथरली आहे. खराब होऊ नये म्हणून लोकार्पणाच्या तालमीपर्यंत तिच्यावर पाय ठेवायला मुलींना मनाई होती. त्यामुळे दोन दिवस सगळ्याच मुली वळशाने पळत होत्या.

पहिल्या बाकाखाली वहाणांचा एक जोड होता. मुली आपल्या चपला तिथेच काढतात, त्यामुळे त्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. साखराबाईंनी तो ओळखला. त्यांनी वहाणा उचलल्या नाहीत. त्या खाली बसल्या आणि वहाणांवरची माती पदराने पुसली.

मग त्यांनी मला सांगितले ते असे: "बहात्तरच्या दुष्काळात हितं आड व्हता. ह्यांची थोरली बहीन पान्यासाठी आत उतरली, ती वर आलीच न्हाई. सासऱ्यानं बाभळीची लाकडं टाकून आडाचं त्वांड झाकलं, माती लोटली, भवती दगडं मांडली. म्हनले, नाव घ्याचं न्हाई. लगीन झाल्यावर ह्यांनी मला एकदाच सांगितलं. नंतर मी इचारलं न्हाई आन ते बोलले न्हाईत."

चौथ्या साधनाजवळ चटईला झोळ पडलेला होता. मी टोकाकडून चटई उचलली. खाली दोन घमेली मावतील एवढे भोक होते. कडेचे गवत आतल्या बाजूला ओढले गेले होते. चौथे साधन भोकाकडे कलले होते. काकांनी १० तारखेला मांडलेले सात दगड जागेवर नव्हते. मंडपवाल्याला फोन केला असता तो म्हणाला, "खड्डा दिसलता की. घोरपडीचा असंल म्हून झाकला. आमाला सातच्या आत उरकायचं व्हतं."

मी काकांना हाका मारल्या. मग एक लहान दगड आत सोडला. तो खाली पोहोचेपर्यंत माझे दोन श्वास झाले. आवाज पाण्याचा नव्हता. तो ऐकून साखराबाई म्हणाल्या, "दगड टाकू नगा. ते खाली हायत."

आम्ही वर असताना काकांची मेंढरे चारायला सोडलेली होती. ती चटईच्या कडेला येऊन उभी राहिली. एकही आत आले नाही.

मी लगेच गाडीने ठाण्यात आले. साखराबाई तिथेच थांबल्या. येथील महिला पोलीस नाईक मॅडम यांनी माझ्यासमोर बीडला अग्निशमन दलाला फोन केला. दोर व माणसे घेऊन गाडी निघाली असून सहापर्यंत पोहोचेल, असे कळले. मॅडमनी सरपंचांनाही फोन केला. "दोरी बांधली हाय, मानूस बसवलाय, कुनी फिरकनार न्हाई, निर्धास्त ऱ्हावा," असे सरपंचांनी सांगितल्याचे मी स्वतः ऐकले. त्यानंतर माझा जबाब नोंदवायला सुरुवात झाली.

माझी विनंती अशी आहे की, ती जागा कायमची बंद करावी. कलते झालेले साधन कोणी हलवू नये, कारण त्याचा पाया कशावर उभा आहे हे मला सांगता येत नाही. लाकडे चोपन्न वर्षांपूर्वीची आहेत. त्यांच्यावर आठ साधने, त्यांचे सिमेंटचे पाये आणि तीन आठवडे रोज चाळीस मुली होत्या. साधने कुठे बसवायची हे मी ठरवले. नकाशा सोबत जोडला आहे.

वरील मजकूर लिहून होत असताना ५.०४ वाजता माझ्या फोनवर सुकन्याचा फोन आला. तो मी मॅडमना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. ती म्हणाली, "ताई, दोरी सोडलीया. सरपंच म्हनत्यात, पोलीस आल्यावर जागा बंद करतील, त्याच्या आत उद्याची तालीम आजच उरकून घेऊ. साडेपाचला सगळ्या पोरींना चटईवर उभं करनार हायत. आज्जी दगडं आनून ठिवतीया आन ती मानसं उचलत्यात."

मी म्हणाले, "सुकन्या, तू पोरींना अडव."

ती म्हणाली, "अडवतीया. हसत्यात मला. मेंढी म्हनत्यात."

फोनवर मागून शिट्टीचा व मुली रांगेत उभ्या राहताना नंबर म्हणत असल्याचा आवाज येत होता. मॅडमनी सरपंचांना तीनदा फोन लावला. त्यांनी उचलला नाही. ठाण्यापासून टेकडीपर्यंत गाडीने पंचवीस मिनिटे लागतात. मॅडम व मी आता निघत आहोत.

त्यामुळे माझा हा जबाब मला वाचून दाखवण्यात आलेला नाही. न वाचता मी त्यावर सही करीत आहे. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. त्यात काही चुकलेले आढळल्यास ते लिहिणाऱ्याचे नसून माझे समजावे.

वेळ सायं. ५.०७ वा.

सही/-
रुद्राणी सोमलिंग शेटे

समक्ष,
महिला पोलीस नाईक